मेंडेलचे नियम आणि डार्विन: मधली दोन दशके

१९०० साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आले आणि डार्विनचा, नैसर्गिक निवडीतून हळूहळू उत्क्रांती होते हा, सिद्धांत लगेच भक्कम झाला, असे म्हटले जाते; ते घटनाक्रमाशी जुळत नाही. प्रत्यक्षात पुढची बरीच वर्षे वादातच गेली: मेंडेलचे समर्थक असलेले ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ बेटसन आणि त्यांचे सहकारी वाटाण्याच्या रंगासारख्या ठळक, तुटक गुणांवर भर देत होते, तर डार्विनच्या बाजूचे संख्याशास्त्रज्ञ पिअर्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन उंचीसारख्या सलग बदलणाऱ्या गुणांची मोजमापे पुढे करून ते नियम अपुरे ठरवत होते. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र आले की मेंडेलच्या नियमांतूनच असा सलग बदल उमटतो, हे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९१८ च्या निबंधात गणिताने दाखवले, तेव्हा हा तिढा सुटला.

मला स्वतःला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांचे १९२४ मधील गणित अधिक मोलाचे वाटते. मँचेस्टरमधील काळ्या पतंगांचे प्रमाण सुमारे ५० वर्षांत नगण्यापासून जवळजवळ संपूर्ण समूहापर्यंत वाढले, आणि असे घडायचे तर काळ्यांची संतती फिकट पतंगांच्या साधारण दीडपट असायला हवी, असे त्यांनी काढले. म्हणजे नैसर्गिक निवडीचा जोर आकड्यात मांडता आला. लहान समूहांत निवडीवाचून, केवळ योगायोगानेही जनुकांचे प्रमाण बदलते, हा अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ राइट यांचा मुद्दाही या चर्चेत यायला हवा.