एचेव्हेरियाच्या पानांचा पोत फोटोत येत नाही, मदत हवी आहे

साताऱ्यात गच्चीवरच्या निवडुंगांचे आणि मांसल पानांच्या झाडांचे अगदी जवळून फोटो काढतोय. क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स, ट्रायपॉड आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात काटे सुरेख येतात. अडतंय ते एचेव्हेरिया या जाड, मांसल पानांच्या झाडाच्या पानांवरच्या मेणचट पांढऱ्या थरापाशी. उन्हात तो सपाट पांढरा दिसतो, सावलीत पोतच हरवतो. एक्स्पोजर एका स्टॉपने उतरवलं (म्हणजे प्रकाश निम्मा केला) तर पानांमधल्या सावल्या काळ्या पडतात. पोलरायझरने (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरने) फारसा फरक नाही. एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवूनही, जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकत्र जोडणं) करावं तर वाऱ्याने पानं हलतात. कुंड्या जड आहेत, आत नेता येणार नाहीत. पानांना हातही लावायचा नाही, पुसलेला थर परत येत नाही.

सावलीत एका बाजूने डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश मारला तर थराचा पोत उठेल का? फ्लॅश पानाशी साधारण किती अंशांत धरावा?