सिंगापूरची नाईट रेस, सोबत आप्पा, बसायचं नेमकं कुठं?

उद्यमनगर_बॉय

मंडळी, २०२६ च्या सिंगापूर एफ वनला जायचं फायनल केलंय, ९ ते ११ ऑक्टोबर. स्प्रिंट वीकेंड आहे, म्हणजे शनिवारी पण एक छोटी रेस होणार. सोबत आप्पा आहेत. आख्खी हयात उद्यमनगरात लेथवर गेली त्यांची, टीव्हीवर माझ्याबरोबर रेस बघतात पण ओव्हरटेकचं त्यांना काय नसतं, पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागेत, गाडी आली की पुढं सरकून बसतात, "चार चाकं दोन-अडीच सेकंदात कशी काय बदलत्यात रं" हेच दर रविवारी. एक गुडघा कुरकुरतोय, जिना चढतात पण सावकाश.

आता मॅप उघडून बसलोय आणि डोकं आउट झालंय. पिट ग्रँडस्टँड, टर्न १, टर्न २, स्टॅमफर्ड, पडांग, कॉनॉट, आणि वॉकअबाउट म्हणून एक आहे त्यात सीटच नाही, तुमचं तुम्ही फिरा. पडांग खिशाला परवडतंय, कॉन्सर्टचं स्टेज पण तिथंच. पिट लई महाग. पैसे एकदाच जाणार आहेत म्हणून विचारतोय, प्रत्यक्षात कुठनं काय दिसतं? ज्यांनी कुठलीबी रस्त्यावरची रेस बघितलीय त्यांनी सांगा, सिंगापूरच पाहिजे असं नाही.

पेठेतला_पंटर

भावा नाद खुळा, आप्पांना घेऊन चाललायस हेच भारी. माझं मत विचारशील तर रेस टीव्हीवरच बघावी, आपल्याकडं संध्याकाळी साडेपाचला सुरू होते, चहा-भडंग घेऊन निवांत. पण जातोयसच तर फोटो टाक.

चौथा_गिअर

वरच्याचं ऐकू नको 😄

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर. खासबागेत कुठंबी बस, हौदातली कुस्ती सगळ्यांना सारखीच दिसते, बांधलंयच तसं. स्ट्रीट सर्किट म्हणजे बरोबर उलटं, बिल्डिंगा, झाडं, पूल सगळं मधे, तुला दिसणार फक्त तुझ्यासमोरचा तुकडा. सिंगापूरचा ट्रॅक ४.९३ किलोमीटर, ६२ लॅप म्हणजे फेऱ्या, एका लॅपला साधारण दीड मिनिटाच्या वर, म्हणजे गाडी तुझ्यासमोर ६२ वेळा येणार आणि प्रत्येक वेळी काही सेकंदच दिसणार. त्या काही सेकंदात ती काय करत असणार याचेच पैसे तू देतोयस, बाकी स्टँडचं नाव, बॅकग्राउंडला काय दिसतंय, ते सगळं नंतर.

म्हणून पडांगबद्दल माझं स्पष्ट मत, रेससाठी नको. सेंट अँड्र्यूज रोडचा सरळ पट्टा आहे तो, टर्न ९ ते १० च्या मधला, गाड्या फुल स्पीडला सुर्रकन जातात, मान इकडनं तिकडं करेपर्यंत संपलं. पहिले पाच लॅप अंगावर काटा येतो, सहाव्यापासनं माणूस मोबाईल काढतो. मागं जुन्या कोर्टाची, सिटी हॉलची बिल्डिंग लायटिंगमध्ये झकास दिसते हे कबूल, पण त्यासाठी तिकीट कशाला.

सरळ रस्ता संपून जोरात ब्रेक लागतो ती जागा पकड. तिथं गाडी स्लो होते म्हणून डोळ्याला दिसते, ड्रायव्हरचे हात दिसतात, टायर लॉक होऊन धूर निघतो तो दिसतो, आणि ओव्हरटेक व्हायचा तर तिथंच. बाकूचं बघ की, दोन किलोमीटरच्या वरचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला टर्न १, सगळी मारामारी तिथं. सिंगापूरला अशा जागा म्हणजे टर्न १, टर्न ७ आणि टर्न १४. टर्न १ ला स्टार्टचा दंगा पण मिळतो. २०१७ ला पावसात फेटल, वेर्स्टापेन, रायकोनेन तिघं टर्न १ यायच्या आधीच एकमेकांत घुसून बाहेर, ते तिथल्या लोकांच्या डोळ्यांदेखत झालं. कॉनॉट स्टँड टर्न १४ ला आहे, एस्प्लनेडचा पूल उतरून गाड्या येतात आणि कचकन ब्रेक मारून काटकोनात वळतात. बजेट आणि मजा दोन्ही बघितलं तर मी तिथं बसेन.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही. जाळी. स्ट्रीट सर्किटला रनऑफ, म्हणजे घसरलेल्या गाडीला ट्रॅकबाहेर मोकळी जागा, फारसा नसतो, त्यामुळं काँक्रीटची भिंत आणि त्यावर उंच तारेची जाळी अगदी ट्रॅकला चिकटून. समोर नाक करून बघितलं तर जाळीतनं आरपार दिसतं, दोन-चार लॅपनी डोळा ती विसरतो पण. पण गाडी लांबनं येताना तिरकं बघायला गेलास की तारा एकमेकींवर चढतात आणि सरळ करडी भिंतच होते. खालच्या पाच-सहा ओळीत बसलास तर त्यात भर म्हणून काँक्रीट आडवं येतं, गाडीचं हेल्मेट आणि मागचा विंगच पळताना दिसतो, चाकं नाहीतच. फोटो काढायला गेलास तर मोबाईल जाळीवर फोकस करतो. त्यामुळं स्टँड एक पायरी हलका घे पण ओळ वरची घे.

तिसरं म्हणजे मोठा स्क्रीन. एकदा पिट स्टॉप सुरू झाले की कोण कितवा ते स्क्रीनशिवाय काही कळत नाही. सीट मॅपवर स्क्रीन कुठं आहे ते बघ, समोर पाहिजे, मान मोडून बघायला लागणारा नको.

कळंबा_एक्सप्रेस

चौथा_गिअरला +१. मी हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची रेस, बघितलीय, ११ फेब्रुवारी २०२३, हुसेन सागरच्या काठाला. जिंकला व्हेर्न, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं तर हेअरपिन, म्हणजे गाडी पार उलटी फिरते ते वळण. जॅग्वारच्या दोन्ही गाड्या, मागनं बर्ड आला आणि ब्रेकिंगला घसरत आपल्याच टीमच्या इव्हान्सवर आदळला, दोघांची रेस तिथंच गेली. मी बसलेलो सरळ रस्त्यावर, आमच्या स्टँडला नुसता स्क्रीनवरनं "ओऽऽऽ" आणि पलीकडं हेअरपिनला लोक उभे राहून नाचायलेत. पुढच्या वर्षीची रेस सरकार बदलल्यावर रद्दच झाली, नाहीतर हेअरपिनचंच तिकीट काढणार होतो.

चेन्नईची २०२४ ची नाईट रेस पण केली, आयलंड ग्राउंडच्या भोवतीनं, फॉर्म्युला ४ आणि इंडियन रेसिंग लीग. तिथं शनिवारी पावसानं सगळं वेळापत्रक कोलमडलं, ट्रॅकची मंजुरीच उशिरा आली, आम्ही बसलोय आपले वाट बघत. त्यावरनं सांगतो, आप्पांसाठी पाठ टेकायला मिळंल अशी सीट आणि टॉयलेट किती लांब हे पहिलं बघ, रेस दोन तासाची असली तरी बसणं पाच-सहा तासाचं होतं. पाऊस आला तर छत्री काय कामाची नाही, मागचे शिव्या घालतात. रेनकोट घे, तो पण साधा पातळ, जाड घेतलास तर त्या दमट हवेत आतनंच भिजशील.

राजारामपुरी_टू_बेडोक

मूळची राजारामपुरी ९ व्या गल्लीची, सध्या इथंच सिंगापूरला असते. थोडं वेगळं मत देते.

तरणी पोरं असाल तर वॉकअबाउट वाईट नाही. प्रॅक्टिसला एका कोपऱ्यावर, क्वालिफायिंगला (स्टार्टचा क्रम ठरतो ती फेरी) दुसऱ्या, असं फिरता येतं, सगळा ट्रॅक कळतो. पण रविवारी बघायच्या उंच जागांवर माणसं दुपारपासनं ठाण मांडून असतात, एकदा टॉयलेटला गेलात की जागा गेली. रात्री आठलासुद्धा अंगाला घाम चिकटलेला असतो, आणि ट्रॅक ओलांडायचा म्हणजे तात्पुरत्या पुलाचे जिने चढ-उतार. तुमच्या आप्पांना हे नको. सीटच घ्या.

झोनचं मात्र नीट समजून घ्या. पिट, टर्न १, टर्न २ हे झोन १ मध्ये येतात आणि झोन १ चं तिकीट असेल तर बाकी सगळ्या झोनमध्ये फिरता येतं. झोन ४ चं असेल (पडांग, स्टॅमफर्ड, कॉनॉट हे तिकडचे) तर झोन ४ मध्येच. म्हणजे कॉनॉटचं तिकीट काढून "जरा पिट बघून येऊ" म्हणालात तर गेटवरनं परत. उलट बाजूनं चालतं, झोन १ वाले कॉन्सर्टला पडांगला येतात, पण ती चाल मोठी आहे, गुडघ्याचा विचार करा.

आणि पडांगला एवढं पण नावं ठेवू नका हं. २०२३ ला शेवटच्या लॅपला रसेल टर्न १० ला भिंतीत गेला तो त्याच पट्ट्याच्या टोकाला. त्या टोकाची सीट मिळाली तर बरी असते.

चौथा_गिअर

@राजारामपुरी_टू_बेडोक ताई, टोकाची सीट असेल तर मान्य, मधली नको एवढंच म्हणणं.

उद्यमनगर_बॉय

लई म्हणजे लईच भारी माहिती दिलासा सगळ्यांनी. जाळीचं तर डोक्यातच नव्हतं. पण माझा घोळ अजून तिथंच आहे, मला कॉनॉट पटतंय आणि आप्पांना पिट बघायचाय, त्यांना विचारलं तर "तुला पाहिजे तिथं बसू" म्हणतात, म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असंलच. रविवारी पिटला बसलो तर त्यांना काय काय दिसंल?

चौथा_गिअर

हे आधी सांगायचं नाहीस का, सगळं उत्तरच बदलतंय.

पिट ग्रँडस्टँड रविवारी भारी असतो पण कधी, तर रेसच्या आधी. सुरू व्हायच्या साधारण चाळीस मिनिटं आधी गाड्या ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या जागेवर, येतात, प्रत्येक गाडीभोवती मेकॅनिकचा गराडा, टायरवर गरम ब्लँकेट, पंखे, ट्रॉल्या, लॅपटॉप. आप्पा तिथंच खूश. मग स्टार्ट. त्यानंतर मात्र समोरनं गाड्या टॉप स्पीडला जाणार. पिट स्टॉप म्हणशील तर सिंगापूरला ओव्हरटेक अवघड म्हणून बहुतेक टीमा एकाच स्टॉपवर रेस काढतात, २२ गाड्या, त्यातले बरेचसे स्टॉप थोड्याच लॅपमध्ये उरकतात, आणि तुला नीट दिसणार तुझ्या समोरची दोन-तीन गॅरेज, लांबच्या टीमचा नुसता घोळका. गॅरेजचा क्रम आदल्या वर्षीच्या टीम चॅम्पियनशिपप्रमाणं लागतो, म्हणजे मॅक्लारेन एका टोकाला. आप्पांची लाडकी टीम कुठली ते विचार आणि तसा स्टँडचा भाग बघ.

मेकॅनिक लोकांचं काम बघायचंय तर शुक्रवार सोन्यासारखा. प्रॅक्टिसच्या तासाभरात गाड्या सारख्या आत-बाहेर, आत आली की पोरं ढकलत गॅरेजात घेणार, पुढचा विंग सेट करणार, टायर बदलणार, परत बाहेर. मधे मधे पिट स्टॉपचा सराव पण करतात. सेशन संपल्यावर ग्रिडवर स्टार्टची प्रॅक्टिस करतात ती तुझ्यासमोर. स्प्रिंट वीकेंडला प्रॅक्टिस एकच असते आणि त्याच रात्री स्प्रिंटचं क्वालिफायिंग, म्हणजे गॅरेजात निवांतपणा कुणालाच नाही.

सिंगापूरला कॉम्बिनेशन पॅकेज असतात, तिन्ही दिवस वेगवेगळ्या स्टँडला बसायचं. ज्यात शुक्रवारी पिट आणि रविवारी ब्रेकिंगचा कोपरा पडतो असं शोध. तसं नाही मिळालं तर शुक्रवारचं एक दिवसाचं तिकीट पिटचं घे, शुक्रवार रविवारएवढा महाग नसतो. रविवारी पिट आणि शुक्रवारी कॉनॉट असं उलटं मात्र करू नको, प्रॅक्टिसला कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही.

कळंबा_एक्सप्रेस

हे बेस्ट आहे. आणि जायच्या आधी आप्पांना मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर घेऊन जा एकदा, पाच मिनिटं सरळ रस्त्याला उभं राहा, पाच मिनिटं वळणाला. मॅप बघून जे कळत नाही ते तिथं कळतंय, आणि आपलं गावातल्या गावात.

पेठेतला_पंटर

आणि येताना मिसळ खाऊन या 😂

उद्यमनगर_बॉय

आप्पांना शुक्रवार पिट, रविवार कॉनॉट असं सांगितलं, लगेच चष्मा घालून मॅप मागून घेतला. म्हणतात समोर फेरारी पाहिजे. चला, आता गॅरेजचा क्रम शोधत बसतो.

ताई, शेवटचा प्रश्न, रविवारी रेस संपल्यावर कॉनॉटपासनं ट्रेनला कसं जायचं? सगळं पब्लिक एकदम बाहेर पडणार.

राजारामपुरी_टू_बेडोक

संपल्या संपल्या उठू नका, बक्षीस समारंभ स्क्रीनवर बघा, गर्दी जाऊ द्या. ट्रेन रेसच्या रात्री उशिरापर्यंत असतात. सगळे सिटी हॉल स्टेशनकडं लोटतात. सिटी हॉल आणि एस्प्लनेड स्टेशन जमिनीखालनं सिटीलिंक मॉलनं जोडलेत, आतनं एसी आहे, रस्त्यावरच्या रेटारेटीपेक्षा ते बरं. आप्पांना लिफ्ट कुठंय ते शुक्रवारीच हेरून ठेवा, रविवारी शोधायला गेलात तर गर्दी तुम्हाला जिन्यानंच नेईल. आणि शुक्रवारी पिटला येताना सिटी हॉलला उतरू नका, प्रोमेनाड किंवा निकोल हायवे स्टेशन धरा, तिथनं झोन १ जवळ.

उद्यमनगर_बॉय

प्रोमेनाड लिहून घेतलं. थँक्यू ताई.