सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली: रविवारचं कावीळ शिबीर

कुलकर्णी काकू (बी-२०३): लिफ्टमध्ये नोटीस लागलीय, 'हिपॅटायटिस बी लस, रविवार सकाळी ९, क्लब हाऊस, रिकाम्या पोटी यावे.' रिकाम्या पोटी कशाला? आणि मी शुक्रवारपासून जे विचारतेय त्याचं उत्तर कुणीच देत नाही.

सेक्रेटरी: शहरभर मोहीम सुरू आहे, आपल्याला रविवार मिळालाय. दुसरा विषय ग्रुपवर नको, ही नम्र विनंती 🙏

पाटील अण्णा (सी-००२): कावीळ कावीळ करायलाय, आधी टाकी धुवा.

शिंदे सिस्टर (ए-३०४): 'रिकाम्या पोटी' खोडा. लस खाऊनपिऊन घ्यायची, उपाशी आलेली माणसंच चक्कर येऊन पडतात. अण्णा, टाकी धुवाच, पण घाण पाण्यातून येते ती हिपॅटायटिस ए आणि ई. बी पसरते रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला.

चौगुले (बी-४०१): म्हणजे कृष्णेला पूर आला की ए आणि ई. बी बारमाही.

कुलकर्णी काकू: विनोद पुरे. स्पष्टच विचारते. आपल्या विंगमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय म्हणतात. किती दिवस सुट्टी द्यायची?

महेश लॅब (बी-१०२): काकू, कुणाचाही रिपोर्ट ग्रुपवर टाकू नये. मेसेज काढा.

कुलकर्णी काकू: काढायचा कशाला? सगळ्यांना माहीत आहे.

शिंदे सिस्टर: सुट्टी एकही दिवस नाही. चपाती, भांडी, शिंक, हस्तांदोलन यातून बी होत नाही. हात चिरला तर कुणीही पट्टी बांधतंच. ओट्यावर रक्त सांडलं तर हातमोजे घालून कागदाने टिपा. मग १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी ओतून १० मिनिटं तसंच ठेवा. नुसतं फडकं मारून भागत नाही, वाळलेल्या रक्तात विषाणू ७ दिवस तग धरतो. म्हणूनच घरात एकमेकांचं दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वापरू नये.

पाटील अण्णा: ब्लीच टाकीत टाका. चार महिने झाले.

स्नेहल (ए-२०१): मागच्या शुगर शिबिरात बोटाला टोचायचं पेन सगळ्यांना एकच होतं. सुई बदलली होती ना, मग चालतं का?

महेश लॅब: नाही चालत. सुई नवी असली तरी पेनच्या तोंडाशी रक्त लागतं, डोळ्याला दिसतही नाही. या वेळी एकदा टोचलं की आपोआप लॉक होणारी लॅन्सेटच (बोटाला टोचायची सुई) घ्या. २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला बीची मोठी साथ आली, ती वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे. इंजेक्शनवाल्याने सिरिंजचं पाकीट समोर फोडलं नाही तर हात पुढे करू नका.

चौगुले: आमचे न्हावीदादा पण ब्लेड समोर फोडतात. फक्त दाढी करताना राजकारण सोडत नाहीत.

सेक्रेटरी: विषयावर राहा. आधी लस की आधी तपासणी?

महेश लॅब: आधी रक्त. नुसतं 'कावीळ' म्हणू नका, यादीत 'एचबीएसएजी' (HBsAg, म्हणजे रक्तात बीच्या विषाणूचा अंश, अँटिजेन, शोधणारी तपासणी) असं लिहा, नाहीतर तिथे भलतीच तपासणी होते. ज्याला आधीच लागण आहे त्याला लसीचा उपयोग नाही, उलट 'मी लस घेतली' म्हणून तो निर्धास्त राहतो. शिवाय लस घेतल्या घेतल्या तपासलं तर लसीतलाच अँटिजेन काही दिवस रिपोर्टात दिसू शकतो. पॉझिटिव्ह आला तर घाबरून गावठी काढा पिऊ नका. ६ महिन्यांनीही पॉझिटिव्हच राहिला तर आजार जुनाट, मग लिव्हरच्या तपासण्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध सरकारी केंद्रांवर मोफत आहे.

जोशी (सी-३०२): मोठ्या माणसांना या वयात काय होणार?

शिंदे सिस्टर: मोठ्या माणसाला लागण झाली तर ९५ टक्क्यांहून जास्त जण आपोआप बरे होतात. जन्मताच झाली तर १० पैकी ९ बाळांना ती कायमची चिकटते. म्हणून बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत, पुढचे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीतून. पण जोशीसाहेब, डायलिसिसवाल्यांना आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरच्यांना वयाची सूट नाही.

पाटील अण्णा: टाकीचं काय?

सेक्रेटरी: अण्णा, वाचलं.

शिंदे सिस्टर: मोठ्यांना ३ डोस, पहिला रविवारी, मग त्यानंतर १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी. दंडावर, कमरेत नाही, तिथे चरबीत गेली तर नीट लागू पडत नाही. दुसरा चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला घ्यायचा. आणि लस क्लब हाऊसच्या फ्रीजमध्ये कुणी ठेवू नका. लस २ ते ८ अंशांत हवी, गोठली तर वाया. आईसपॅक फ्रीजरमधून काढून थेट लसीच्या डब्यात भरू नका. बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरा.

जोशी: फ्रीजची चावी माझ्याकडे आहे. विचारायची पद्धत असते.

सेक्रेटरी: जोशीसाहेब, चावी मागितली नाही, फ्रीज नको एवढंच म्हटलंय.

कुलकर्णी काकू: सिस्टर, मग बाईंच्या नवऱ्याचं आणि दोन मुलांचं नाव यादीत घालू का? सोसायटीबाहेरचे चालतील ना?

शिंदे सिस्टर: घाला. नवऱ्याची तपासणी आधी, मुलांचे डोस कार्डावर बघू. पण हे ग्रुपवर नको, मला फोन करा.

सेक्रेटरी: यादीत आत्ता ३१ नावं. ज्यांचा मेन्टेनन्स बाकी आहे तेही येऊ शकतात, रविवारी विषय काढणार नाही. सोमवारी काढेन.