जुन्या रेसर सायकलचे हँडल बदलावे, की सायकलच बदलावी?

शहापूरकर

बेळगाव परिसरात १९७० आणि ८०च्या दशकांत हौसेने घेतलेल्या, खाली वळलेल्या हँडलच्या रेसर सायकली आजही काही घरांत माळ्यावर किंवा जिन्याखाली धूळ खात पडून आहेत. ज्यांनी त्या घेतल्या ते आता साठीच्या पुढे गेले असून, कमरेत वाकून आणि मान वर धरून तासभर सायकल चालवणे त्यांना झेपत नाही. मुलांना त्या सायकलीत रस नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, अशा सायकलीला मागे वळलेले उंच हँडल, रुंद सीट आणि फ्रेममध्ये मावतील तितके जाड टायर बसवून ती ताठ बसून चालवण्याजोगी करावी आणि बाजारहाटाला रोज वापरावी. टिळकवाडीत पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटपाशी गर्दी तुंबते, तेव्हा ताठ बसलेल्याला चार गाड्यांपलीकडचे दिसते आणि मागे वळून पाहणेही सोपे जाते. वेगाचा तिथे काही उपयोग नसतो. या बदलात मूळ फ्रेमला धक्का लागत नाही, त्यामुळे काढलेले भाग जपून ठेवले तर सायकल केव्हाही पूर्ववत करता येते. ‘जुनी वस्तू आहे तशीच राहू द्या’ असे म्हणणाऱ्यांनी ती स्वतः चालवावी किंवा चालवणाऱ्याला द्यावी.

उद्यमबागवाला

शहापूरकर, आपला हेतू पटतो, उपाय पटत नाही. रेसरची फ्रेम पुढे झुकून बसणाऱ्यासाठीच आखलेली असते. तिची वरची दांडी लांब आणि सीटची नळी बरीच उभी असते, आणि शरीराचा भार हात, पाय व बैठक यांत वाटला जाईल असे त्यात गृहीत धरलेले असते. हँडल वर आणि मागे आणले की हातांवरचा भार बैठकीवर येतो आणि खड्ड्याचा दणका कोपरांत न जिरता थेट मणक्यात जातो. म्हणजे मनगट वाचवायला जावे आणि कंबर धरून बसावे. शिवाय पुढचे चाक हलके झाल्याने राजहंसगडाच्या चढावर ते इकडेतिकडे भटकते, आणि उभे राहून पायडल मारावे तर हँडलची टोके गुडघ्यांना लागतात. आरामासाठीच बनवलेल्या सायकलीची सीटची नळी मागे कललेली असते, म्हणून तिच्यावर पाय किंचित पुढे पडतात. हे केवळ हँडल बदलून साधत नाही.

मापांचेही नीट पाहावे लागते. जुन्या रेसर हँडलचा मधला भाग बहुधा २५.४ किंवा २६ मिलिमीटरचा असतो. २५.४चे नवे हँडल २६च्या पकडीत घातले, तर कितीही आवळले तरी खड्ड्यात ते गर्रकन खाली फिरू शकते. काही जण थंड पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वेळ मारून नेतात. मी लेथवर काम करणारा माणूस आहे आणि मला ते पाहवत नाही. भोवती ०.३ मिलिमीटर जाडीची शिम (फट भरणारी धातूची पातळ पट्टी) व्यवस्थित कापून घातली की काम पक्के होते. ब्रेकचे जुने लिव्हरही चालत नाहीत, कारण ते २३.८ मिलिमीटरच्या नळीसाठी असतात आणि उंच हँडलची मुठीकडची नळी २२.२ची असते. नवे लिव्हर आणि लांब केबल या खर्चात धराव्यातच.

निपाणीकर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा साधी काळी सायकल घ्यावी. उंच हँडल, स्प्रिंगची सीट, मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड हे सगळे तिला आधीपासूनच असते.

शहापूरकर

निपाणीकर, काळी सायकल सामानासकट वीस किलोंच्या आसपास जाते. जुनी रेसर बारा-तेरा किलोंची असते, तिला गिअर असतात, आणि साठीच्या माणसाला जिन्याच्या चार पायऱ्या सायकल उचलून चढवायची असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

उद्यमबागवाल्यांचा भाराचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. हँडल छातीपर्यंत आणावे असे मी म्हटलेले नाही. ते सीटच्या पातळीला किंवा बोटभर वर आणले आणि मागचा बाक बेताचा ठेवला, तर पाठ थोडी पुढे कललेली राहते, हातांवर काही भार उरतो आणि गुडघेही अडत नाहीत. उंचीच्या हव्यासात हँडलचा दांडा मर्यादेची खूण दिसेपर्यंत बाहेर ओढणे मात्र जिवावर बेतू शकते. ती खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे.

खानापूरकर

हँडलवर एवढा खल चालला आहे आणि ब्रेककडे कोणी पाहिलेले नाही. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस किती पडतो हे सांगायला नको. त्या काळातल्या पुष्कळ सायकलींना क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिम आहेत. त्या ओल्या झाल्या की रबराचे ब्रेक नुसते घसरतात आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. अल्युमिनिअमच्या रिमवर पावसातही ब्रेक पुष्कळ बरा धरतो. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी रिम बदलाव्यात, हँडल नंतर पाहता येईल.

रिम घेतानाही जुन्या मापाची म्हणून २७ इंची मागू नये. २७ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर असतो आणि ‘७००सी’ या मापाच्या रिमचा ६२२. म्हणजे ७००सी घेतली तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागते, पण तेवढीच जागा जाड टायरला मिळते आणि टायरची निवडही भरपूर असते. काळ्या सायकलीचा २८ इंची टायर मात्र ६३५चा असतो. ‘जवळपासच आहे’ म्हणून कोणी तो २७च्या रिमवर चढवून देऊ लागला तर घेऊ नये, कारण तो सैल बसतो आणि हवा भरताना निसटू शकतो.

कॅम्पातला संग्राहक

शहापूरकरांचे ‘पूर्ववत करता येते’ हे वाक्य कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात काढलेले हँडल भंगारात जाते, फ्रेमला नवा रंग चढतो, मूळ खुणा खरवडल्या जातात, आणि कॅरिअरसाठी कोणीतरी वेल्डिंगही करून देतो. फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ अशी चिकटपट्टी असेल, तर ती १९३५पासून नाव कमावलेल्या मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्यांची फ्रेम असते आणि तिच्यावर वेल्डिंगची आच देणे हा अडाणीपणा आहे. अशी सायकल माळ्यावर राहिली तरी चालेल. साध्या लोखंडी नळीच्या सायकलीचे काय करायचे ते करावे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

वडगावची सायकलवाली

दादा, आपण सगळे हँडलपासून सुरुवात करता, कारण सायकलवर चढणे ही आपल्याला अडचणच वाटत नाही. साडी किंवा सलवार नेसलेल्या बाईला, आणि गुडघे दुखणाऱ्या कोणालाही, रेसरची आडवी दांडी हाच पहिला अडथळा असतो. वर कितीही मऊ सीट लावली तरी दांडी तिथेच राहते. त्यामुळे ही ‘सगळ्यांसाठी आरामाची सायकल’ होत नाही, ती फक्त पूर्वी रेसर चालवलेल्या पुरुषांसाठी होते. तेवढेच म्हणणे असेल तर माझी हरकत नाही. रुंद सीट मात्र ताठ बसणाऱ्यानेच घ्यावी. पुढे झुकून बसणाऱ्याच्या मांड्यांना ती घासते.

शहापूरकर

ताईंचे म्हणणे रास्त आहे. माझा प्रस्ताव ज्यांना दांडीवरून पाय टाकता येतो त्यांच्यापुरताच समजावा. संग्राहकांची वेल्डिंगबद्दलची अटही मी स्वीकारतो, पण माळ्याची नाही. ५३१ची फ्रेम असली तरी हँडल, लिव्हर आणि सीट बदलल्याने तिला ओरखडाही उमटत नाही.

उद्यमबागवाला

बेताच्या उंचीचे हँडल असेल तर माझा विरोध निम्मा उरतो. उरलेला निम्मा गिअरबद्दल आहे. रेसरला पुढे ५२ आणि ४२ दातांच्या चकत्या आणि मागे बहुधा २४ दातांपर्यंतचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) असते. ४२ आणि २४ या जोडीत पायडलच्या एका फेऱ्याला चाक पावणेदोन वेळा फिरते, आणि ताठ बसून, उभे न राहता, वेंगुर्ला रोडने वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्याला ते जड पडते. मागे ३२ दातांचे फ्रीव्हील लावले तर हेच १.३१वर येते, परंतु जुन्या डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा आखूड असेल तर तो एवढी मोठी चकती पेलत नाही.

खानापूरकर

पुढची ४२ची चकती काढून ३८ची बसते का ते आधी पाहावे. क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, चकती धरणाऱ्या बोल्टचे वर्तुळ एवढ्या लहान चकतीला परवानगी देत असेल, तर मागे २८चे फ्रीव्हील पुरेल आणि बहुधा डिरेलर बदलावे लागणार नाही.