मदत हवी आहे: वडिलांच्या डिस्चार्ज बुकात मेडल्सची नोंदच नाही

नमस्कार मंडळी, आम्ही खडकीला राहतो. बाबा १९७१ च्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर होते. त्या लढाईची ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही दोन्ही पदकं ट्रंकेत आहेत, संग्राम मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर, नाव बारीक अक्षरांत कोरलेलं आहे. पण डिस्चार्ज बुकातला (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) मेडल्सचा रकाना कोराच! बाबा म्हणतात, "राहू दे, आता काय करायचंय?" त्यांचं वय ७८, मला राहवत नाही.

दुरुस्तीचा अर्ज थेट रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत? कोरलेल्या नंबराचा फोटो पुरावा म्हणून चालतो का? मूळ पुस्तक पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.