पोकळ पॉलिएस्टर तंतूंच्या पेटंटचा वाद नेमका कशावरून होतो?

प्रश्न: पॉलिएस्टर हवेतला ओलावा धरते तो स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के. मग पाणी शोषणाऱ्या पोकळ तंतूच्या पेटंटवर वाद होतो तो पोकळीवरून की छिद्रांवरून?

उत्तर १: बहुधा छिद्रांवरून. नुसता पोकळ तंतू जुनाच आहे. महत्त्वाची आहेत ती पृष्ठभागापासून पोकळीपर्यंत पोचणारी सूक्ष्म छिद्रे, जी पॉलिमरमध्ये मिसळलेले संयुग नंतर अल्कलीने धुऊन काढल्यावर उरतात आणि ज्यांतून पाणी केशाकर्षणाने आत ओढले जाते.

उत्तर २: पेटंटच्या दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणाऱ्या भागात, छिद्रांचा व्यास दिला असेल, तर तो मोजण्याची पद्धतही पेटंटमधल्या वर्णनात हवी, नाहीतर प्रतिस्पर्ध्याचा तंतू त्या मर्यादेत येतो की नाही, हेच ठरत नाही. माझ्या मते खरी लढाई इथेच होते.

प्रश्नकर्ता: युरोपात अशा पेटंटवर हरकत कधीपर्यंत घेता येते?

उत्तर २: पेटंट मंजूर झाल्याची नोंद प्रसिद्ध झाल्यापासून ९ महिन्यांच्या आत.