रास्पबेरी पाय सुरू होताना पीटीटी (ट्रान्समीटर चालू करणारी लाइन) का लागते?

रिपीटरचा (रेडिओ सिग्नल घेऊन पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राचा) जुना कंट्रोलर काढून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवल्यावर वीज आली की रिपीटर आपोआप कॅरियर (आवाजाविना नुसता रेडिओ सिग्नल) सोडतो, असं का, हे कुणी विचारलंय. बहुतेक वेळा दोष पिन निवडण्यात असतो. पाय सुरू होताना जीपीआयओ (पायच्या इनपुट-आउटपुट पिना) ० ते ८ आतून पुल-अप, म्हणजे वरच्या व्होल्टेजकडे ओढलेल्या असतात, ९ ते २७ पुल-डाउन, म्हणजे ग्राउंडकडे. पीटीटीला बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावला असेल तर जीपीआयओ १७ घ्या, बेसला १० किलोओम द्या आणि बेस ते ग्राउंड आणखी एक १० किलोओम. १४ आणि १५ टाळाच. तिथे सिरियल पोर्ट असतो.

सीओआरची (रिसीव्हरला सिग्नल आल्याचं कळवणारी) वायर सरळ पायला जोडू नका! जुन्या रिसीव्हरमधून ५ किंवा १२ व्होल्ट येतात, पायची पिन ३.३ च्या वर टिकत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर टाका, कलेक्टरला ३.३ व्होल्टचा पुल-अप. सिग्नल उलटा होतो, तो सेटिंगमध्ये सरळ करा.

आवाज चिरका येत असेल तर ऑडिओ डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमधला एफएममधून आवाज काढणारा भाग) थेट घेतलाय, डी-एम्फसिस (वाढवलेले उंच स्वर परत कमी करणं) राहिलाय. त्यासाठी ७.५ किलोओम सिरीजला, ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. सॉफ्टवेअरमध्येही तो चालू असेल तर आवाज घोगरा होतो, म्हणून एकाच ठिकाणी ठेवा. मग १ किलोहर्ट्झचा टोन ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने (फ्रिक्वेन्सी मधल्यापासून जितकी सरकते ते अंतर) आत पाठवून बाहेरही ३ येईपर्यंत लेव्हल लावा.

आणि टाइम-आउट (ठरावीक वेळेनंतर ट्रान्समीटर बंद करणं) फक्त सॉफ्टवेअरवर सोडू नका. पाय अडकला तर पीटीटी तशीच दाबलेली राहते आणि फायनल (ट्रान्समीटरचा शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) तापून जातो. सीडी४०६० या काउंटर चिपचा वेगळा टायमर पीटीटीच्या वाटेत हवाच.